कुंभार्लीत अडलेलं पेट्रोल

आमच्या जीपची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली आहे. त्यामुळे प्रवासात दोघांपैकी एकजण कायम टाकीवर बसलेला असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपपासून चालत आलेली ही रीत. टाकी सीटखाली, पंप इंजिनाच्या खालच्या अंगाला आणि कार्ब्युरेटर थेट इंजिनाच्या डोक्यावर. पेट्रोलनं आधी खालून पुढं जायचं आणि मग वर चढायचं. सपाटीवर ते बिनबोभाट चढतं. घाटात गाडीचं नाक वर होतं, टाकी आणखी खाली जाते, आणि नेमकं तेव्हाच इंजिनाला पेट्रोल जास्त हवं असतं. म्हणून अशा गाडीच्या पेट्रोलचं दुखणं गावात कळत नाही. ते घाटात कळतं, तेही अर्ध्या घाटात.

ही जीप वडिलांनी सरकारी लिलावात घेतली होती. जात सीजे-३बी. विलीस कंपनीनं १९५३ साली अमेरिकेत टोलेडोला ती बाजारात आणली. आधीच्या इंजिनाचा इनटेक व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये होता, नव्या हरिकेन इंजिनात तो वर हेडमध्ये गेला, इंजिन उंच झालं आणि त्याला झाकायला बॉनेटही उचलावं लागलं. हा उंच कपाळाचा चेहरा आपल्याकडच्या दोन पिढ्यांनी पाहिला आहे, कारण टोलेडोत ही जीप १९६८ साली बंद झाली तरी महिंद्रांनी ती भारतात पुढं कितीतरी वर्षं बनवली. चार सिलिंडर, सव्वादोन लिटरच्या आतबाहेरचं इंजिन, आणि बॉनेट उघडलं की प्रत्येक नळी कुठून निघते आणि कुठं जाते ते डोळ्यांनी दिसतं.

गुहागरच्या घराच्या पडवीशेजारी ही जीप पावसाळाभर उभी होती. कराडजवळ माझ्या मेहुण्याची ऊसशेती आहे. गेली काही वर्षं त्याचं एकच टुमणं, ‘दाजी, जीप शेतावर द्या की. तिथं मीठ खात उभी ऱ्हाण्यापरीस हिकडं चिखल तरी तुडवंल.’ समुद्राजवळच्या हवेत पत्रा किती दिवस टिकणार, हे मलाही दिसत होतं. दिवाळी झाली, भात कापून झालं आणि तो स्वतःच न्यायला आला. बॅटरी चार्ज केली, चोक ओढला, आणि थोड्या कुरबुरीनंतर इंजिन धरलं. पत्नीच्या माहेरचा माणूस आणि सासरची जीप घेऊन आम्ही निघालो.

शृंगारतळी, मार्गताम्हाने करत चिपळूणपर्यंतचा रस्ता चढउताराचा असला तरी दमवणारा नाही. कापलेल्या भातखाचरांत गुरं सुटली होती, बांधावर पेंढ्यांच्या उडव्या. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर चहा घेतला, टाकी भरली आणि कराडचा रस्ता धरला. उजव्या-डाव्या अंगानं वाशिष्ठी भेटत राहते. या नदीत आता सह्याद्रीपलीकडचं पाणीही वाहतं. कोयना मूळची पूर्ववाहिनी, पण तिचं धरणातलं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला आणून पोफळीच्या भूमिगत वीजघरात सोडलं जातं, मग ते कोळकेवाडीच्या धरणात थांबून पुन्हा वीज करतं आणि शेवटी वाशिष्ठीला मिळतं. सगळ्या प्रकल्पाची क्षमता मिळून १,९६० मेगावॉट. जलाशयाच्या तळाला सुरुंगानं भोक पाडून पाणी बोगद्यात घ्यायचं ‘लेक टॅपिंग’ इथंच १९९९ आणि २०१२ साली झालं. मेहुण्याला हे तोंडपाठ. कोयनेचं पाणी कुणी कुठं नेलं हा विषय त्या भागात कुठल्याही पारावर निघतो. ‘आमचं पाणी तुमच्याकडं, आन् तुमची जीप आमच्याकडं. हिशोब मिटला,’ तो म्हणाला.

पोफळी मागं पडली आणि कुंभार्ली घाट सुरू झाला. दुसरा गिअर, एका लयीत चढणारं इंजिन, खाली उतरत जाणारं हिरवं खोरं. काही वळणं अशी छान गेली. मग जीपनं एक झटका खाल्ला. मग दोन. पाय दाबला तर आणखी दम टाकायची, पाय उचलला तर जरा सावरायची. एका वळणाच्या रुंद कडेला ती आचके देत बंद पडली. मेहुण्यानं उतरून चाकांना दगड लावले.

थोडा वेळ थांबून सेल्फ मारला तर झटक्यात चालू! दोन वळणं गेली आणि पुन्हा तेच.

थांबलं की बरं, चाललं की दुखणं. जुन्या पेट्रोल गाडीत या एका लक्षणाचे निदान चार धनी असतात. इंजिनाच्या उष्णतेनं नळीतच पेट्रोलची वाफ झाली असेल. थांबलं की ती निवते. टाकीच्या झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं असेल. पेट्रोल कमी होत जातं तशी आत पोकळी तयार होते, पंपाला ओढवत नाही, आणि थांबलं की हवा हळूहळू आत शिरते. टाकीतला कचरा नळीच्या तोंडाशी ओढला जात असेल; ओढ थांबली की तो गळून पडतो. आणि चौथा धनी तर पेट्रोलचा नव्हेच. डिस्ट्रिब्युटरमधला कंडेन्सर गरम झाला की मान टाकतो आणि निवला की शहाण्यासारखा वागतो. चौघांची औषधं निराळी. म्हणून थांबून पुन्हा चालू होते एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

आम्ही बॉनेट उघडून उभे होतो, तेवढ्यात जांभ्याच्या चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत वर आला आणि आमच्या पुढं कडेला लागला. ड्रायव्हर उतरला. पन्नाशीचा, खांद्यावर टॉवेल. बोलण्यावरून पाटणकडचा. तरुणपणी वडापची जीप चालवलेली. या उंच कपाळाच्या जीपकडं त्यानं जुन्या ओळखीनं पाहिलं.

‘काय झालं, पावणं?’

‘पेट्रोल चढत न्हाय, भाऊ,’ मेहुणा म्हणाला.

‘त्ये कशावरनं? करंट बघितला का आदी?’

त्यानं एका प्लगची वायर काढून तिचं टोक ब्लॉकपासून जरा अंतरावर धरलं आणि मला हँडल मारायला लावलं. निळी, कडक ठिणगी तडतडली. वायर जागेवर गेली. ‘करंट सुटला,’ तो म्हणाला, आणि सुटला म्हणजे निर्दोष सुटला. ‘चोर हुडकायच्या नादाला लागू नका. साव कोण कोण हाय, त्येला त्येला सोडत चला. शेवटी ऱ्हाईल त्यो चोर.’

पुढचा अर्धा तास त्यानं हेच केलं. एअर फिल्टरची नळी काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहिलं आणि हातानं रेस दिली. रेस दिली की आतला छोटा पंप पेट्रोलची बारीक पिचकारी मारतो. पिचकारी आली नाही. म्हणजे कार्ब्युरेटरची वाटी कोरडी. जेटमध्ये कचरा आहे का हा प्रश्न पुढचा, आधी पेट्रोल तिथवर पोचतच नव्हतं. टाकीचं झाकण उघडलं. हवा आत ओढल्याचा आवाज आला नाही, आणि झाकण उघडं ठेवूनही फरक पडला नाही. झाकण सुटलं. मग त्यानं पंपावर तळहात ठेवला आणि ठेवूनच दिला. ‘चटका बसंना. वाफ धरली असती तर हात ठिवू दिला नसता.’ तरी खात्रीसाठी टॉवेल ओला करून पंपावर आणि नळीवर गुंडाळला. काही उपयोग झाला नाही. वाफही सुटली.

या पंपाला खाली काचेची वाटी असते. पेट्रोल आधी तिच्यात येतं, जड कचरा आणि पाणी तळाशी बसतं आणि वरचं स्वच्छ पेट्रोल जाळीतून पुढं जातं. गाडीनं आपलं पोट उघडून दाखवावं अशी ही सोय आता कुठल्या गाडीत उरली नाही. तारेची कडी सैल करून त्यानं वाटी काढली आणि उजेडाकडं धरली. तळाशी चहाच्या भुकटीसारखा तपकिरी गंज, आणि त्याच्यावर पाण्याचे दोन टपोरे थेंब, पेट्रोलमध्ये न मिसळता इकडून तिकडं घरंगळणारे.

‘पावसाळाभर उभी व्हती?’

मी मान हलवली. कोकणातल्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी आतून घामेजते, ते पाणी तळाशी जातं आणि पत्रा खातं. वाटी धुतली, कॉर्कचं पॅकिंग उलटं करून बसवलं, कारण तिथून हवा धरली तरी पेट्रोल चढत नाही. पण गाळ दिसला म्हणून त्यानं निकाल दिला नाही. पंप की पंपाआधीची वाट, हे राहिलंच होतं.

इथं त्यानं जे केलं ते मी आजवर दुसऱ्या कुणाकडून पाहिलं नव्हतं. पंपातून कार्ब्युरेटरकडं जाणारी नळी सोडवून तिचं तोंड एका बाटलीत धरलं. मेहुणा हँडल मारू लागला. हा पंप कॅमशाफ्टवर चालतो आणि कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. त्यामुळे हँडलचे दोन पूर्ण फेरे झाले की एक पिचकारी. आत एक पडदा असतो. लिव्हर त्याला खाली ओढते तेव्हा पेट्रोल आत येतं, स्प्रिंग त्याला वर ढकलते तेव्हा बाहेर जातं. दाब जेमतेम तीनेक पौंडांचा. बाटलीत फेसाळ, लेचीपेची थुंकी पडत होती. मग त्यानं पंपाच्या आत येणारी बाजूही सोडवली, तिथं आपल्याकडचा नळीचा तुकडा लावला आणि त्याचं टोक स्वच्छ पेट्रोलच्या दुसऱ्या बाटलीत बुडवलं. टाकी आणि तिथून येणारी सगळी वाट बाजूला. आता हँडल फिरलं आणि एकेक पिचकारी बाटलीच्या तळावर टणटणीत आदळली.

‘पंप साव,’ तो म्हणाला.

एका बाटलीनं अर्धी गाडी निर्दोष सुटली होती. घाईच्या गॅरेजात हाच पंप पहिला बदलला गेला असता, आणि नवा बसवून जीप पुन्हा याच वळणावर थांबली असती. जवळ बिडी ओढत उभ्या राहिलेल्या त्याच्या क्लीनरला मात्र त्यानं ट्रकच्या पलीकडं पिटाळलं. उघड्या पेट्रोलशेजारी गरम एक्झॉस्ट असतोच, त्यात आणखी भर नको.

उरली टाकी ते पंप एवढी वाट. त्यात चासीला धरून जाणारी लोखंडी नळी आणि तिच्यापासून पंपापर्यंत रबराची हातभर होज. मी पायपंपानं पंपाकडच्या टोकातून उलटी हवा मारली. टाकीत गुडगुड वाजलं. वाट मोकळी! मेहुण्याचा चेहरा उजळला. ड्रायव्हरनं मान हलवली. ‘उलट्या फुंकंवर होज सोडायची न्हाय. पेट्रोल तिकडनं हिकडं येतंय, तुम्ही हिकडनं तिकडं फुकताय.’ त्यानं होज काढली, बोटांत धरून वीतवीतभर दाबत गेला आणि एका जागी थांबला. बाहेरून ती धड होती, फुगवटा नाही, भेग नाही. पण तिथं रबर मऊ लागत होतं. खिशातल्या ब्लेडनं त्यानं ती उभी चिरली. आतला थर सुटून त्याची जीभ लोंबत होती. टाकीकडून ओढ लागली की ती जीभ उचलून वाट बंद करायची. ओढ थांबली की खाली पडायची. आणि उलटी हवा मारली की गुमान भिंतीला चिकटायची. सपाटीवर ओढ कमी, म्हणून चिपळूणपर्यंत सगळं सुरळीत. घाटात पाय दाबला की जीभ वर.

पाने काढायची वेळ आली तेव्हा आणखी एक जुनी कटकट समोर आली. या जीपचे नट इंचातले. चौदाचा पाना नऊ-सोळाच्या नटावर चढत नाही आणि पंधराचा सैल बसून कोपरे खातो. गाडीसोबत वडिलांची कापडी पिशवी होती म्हणून निभावलं. त्यानं आपल्याकडचा नळीचा तुकडा मापानं कापून बसवला, क्लिपा आवळल्या, हातानं पंप भरून घेतला, आणि म्हणाला, ‘टाकी साफ केल्याबिगर शेतात घालू नका. आज होज गावली, उद्या जाळी तुंबंल.’ चिऱ्यांचा ट्रक आमच्या आधी निघाला आणि घाटमाथ्याच्या अलीकडं आम्ही त्याला हात करून पुढं गेलो. जीप एका दमात चढत होती.

घाटमाथ्यावर हवा बदलते. कोकणातला चिकटपणा मागं राहतो आणि वारा कोरडा लागतो. हेळवाकला कोयना भेटली. महाबळेश्वरकडून दक्षिणेला वाहत आलेली ही नदी इथं काटकोनात वळून पूर्वेला निघते, आणि पुढं पाटण, मल्हारपेठ करत कराडला कृष्णेला समोरासमोर जाऊन भिडते. रस्ताही तिच्याच काठानं. पाटण सोडल्यावर दोन्ही अंगांना ऊस दाटत गेला. हंगाम नुकताच सुरू झाला होता. मोळ्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या रस्ता अडवून चाललेल्या, रस्त्यावर चिपाडं पडलेली, आणि वाऱ्याबरोबर मधूनच मळीचा आंबूस वास.

त्या वासावरूनच, म्हणजे मळीपासून होणाऱ्या इथेनॉलवरून, आमचं भांडण जुंपलं. होजच्या आतलं रबर सुटलं कशानं? वयानं, हे खरं. पण आजच्या पेट्रोलनं त्याला हात दिला, असं माझं म्हणणं. पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल घालायचे देशातले पहिले प्रयोग २००१ साली झाले, त्यातली दोन ठिकाणं महाराष्ट्रातली: मिरज आणि मनमाड. मिरज इथून काही लांब नाही. २०२२ च्या जूनमध्ये देशानं दहा टक्क्यांचं लक्ष्य गाठलं आणि २०२३ च्या फेब्रुवारीपासून वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. इथेनॉल म्हणजे अल्कोहोल. ते टाकीच्या भिंतीवरचा वर्षानुवर्षांचा चिकट थर विरघळवून गाळासकट खाली आणतं, जुनं रबर आणि कॉर्क फुगवतं, आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी, म्हणजे नेमके नळीच्या तोंडाशी, जाऊन बसतात. लिटरमागे त्यात ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. त्या हिशोबानं वीस टक्क्यांच्या मिश्रणात सहा-सात टक्के कमी. नव्या गाडीचा कॉम्प्युटर ते सांभाळून घेतो. कार्ब्युरेटरचं जेट म्हणजे पितळेतलं ठरावीक मापाचं भोक. त्याला काय कळणार?

‘आन् आमचं काय?’ मेहुण्यानं ऊसवाल्याची बाजू घेतली. शेवटच्या मळीपासून केलं तर उसाच्या टनामागे साधारण दहा-अकरा लिटर इथेनॉल निघतं. सगळा रसच तिकडं वळवला तर सत्तरच्या आसपास. साखर गोदामात पडून राहते, इथेनॉलचा पैसा लवकर येतो, आणि पैसा आला तर कारखाना एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला भाव, देतो. ‘तुमच्या एका होजसाठी आमी बिलं थांबवायची का, दाजी?’

यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि ड्रायव्हरच्या हिशोबानं बघितलं तर ते द्यायची गरजही नव्हती. गंज लावला कोकणच्या पावसाळ्यानं. तो सोडवून नळीत आणला अल्कोहोलनं. रबर पिकलं वयानं. यांतला एकेकटा कुणी जीप थांबवू शकला नसता. तिघं कुंभार्लीच्या चढावर एकत्र आले तेव्हा ती थांबली. चोर एकच असतो हे आपण धरून चालतो, म्हणून पार्ट बदलत बसतो.

मेहुण्याच्या वस्तीवर टाकी खाली उतरवली. मूठमूठ बारीक खडी आणि थोडं रॉकेल आत घालून, तोंडं बंद करून दोघांनी ती आंब्याखाली उलटीपालटी हलवली. खडीनं आतला पत्रा खरवडला. बाहेर पडलेलं रॉकेल लालजर्द होतं. ते निवळ येईपर्यंत धुतली, उन्हात खणखणीत वाळवली. कराडहून अल्कोहोलला टिकणाऱ्या रबराच्या होज आणल्या, पंपाचा पडदा आणि कॉर्कची पॅकिंगं बदलली, पंपाआधी पारदर्शक फिल्टर बसवला आणि मुख्य जेट एक नंबर मोठं घातलं. चढावर आता ती पूर्वीपेक्षा भरून ओढते.

मेहुण्याला दोन गोष्टी बजावून आलो. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची वेळ आली तर टाकी काठोकाठ भरून ठेवायची आणि पंधरा दिवसांतून एकदा चालवून आणायची, म्हणजे आत घाम यायला जागा उरत नाही आणि पेट्रोलही शिळं होत नाही. आणि दिवाळीच्या साफसफाईत सगळ्या होज एकदा हातात घेऊन दाबायच्या. नुसत्या बघायच्या नाहीत. एवढं पाळलं तर त्याचा ऊस आणि माझी जीप एका बांधावर नांदायला हरकत नाही.